रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे



गणपती जवळ आले की कॉलनीतल्या मंडळाची वर्गणीची यादी कुणाच्या तरी मोबाईलवर येऊन बसते. आमच्या रांझीत अशा यादीत एक नाव मराठीत, दुसरं हिंदीत, तिसरं इंग्रजीत असतं आणि आकडे ज्याला जसे सुचतील तसे. यादी वाचणारा माणूस असेल तर तो सांभाळून घेतो. पण तीच यादी कॉम्प्युटरला वाचायला दिली तर काय होतं? आजच्या लेखात हेच बघू. त्यासाठी आपण ‘हॅस्केल’ नावाची भाषा घेणार आहोत.

घाबरू नका. मी स्वतः इंग्रजी साहित्यात बीए केलंय, इंजिनिअरिंग नाही. त्यामुळे इथे सगळं घरगुती भाषेतच असेल.

ही भाषा वेगळी कशी?

हॅस्केल ही ‘फंक्शनल’ पद्धतीची भाषा आहे. हॅस्केल करी या गणितज्ञाच्या नावावरून तिचं नाव पडलं आणि तिचा पहिला अधिकृत आराखडा १९९० साली आला. फंक्शन म्हणजे काय, हे समजायला पिठाची चक्की डोळ्यांसमोर आणा. गहू टाकले की गव्हाचं पीठ, ज्वारी टाकली की ज्वारीचं. सोमवारी टाका नाहीतर शनिवारी, तेच धान्य टाकलं की तेच पीठ मिळणार. असं फंक्शन कधी मूड बदलत नाही.

पण फाइल मात्र मूड बदलते! काल यादीत ४० ओळी होत्या, आज ४३ आहेत, उद्या कुणीतरी फाइलच पुसून टाकेल. म्हणून हॅस्केल या दोन गोष्टींच्या मध्ये एक उंबरठा घालते. बाहेर फाइल, कीबोर्ड, इंटरनेट, म्हणजे बेभरवशाचं जग. आत हिशेब, म्हणजे भरवशाचं जग.

फाइल वाचायची आज्ञा आहे ‘रीडफाइल’. गंमत अशी, की ती आपल्या हातात थेट मजकूर देत नाही. ती देते मजकूर आणायची ‘कृती’. पुरणपोळीची कृती लिहिलेला कागद म्हणजे पुरणपोळी नव्हे, तसंच हे. ती कृती प्रोग्रामच्या बाहेरच्या भागात पार पाडायची, मजकूर हाती आला की आतल्या फंक्शनकडे सोपवायचा. या शिस्तीचा मोठा फायदा म्हणजे हिशेबाचं फंक्शन बरोबर आहे का, हे तपासायला फाइल लागतच नाही. चार ओळी हाताने लिहून दिल्या तरी तपासता येतं.

चार घरं, चार ओळी

समजा, आपल्या फाइलमध्ये चारच ओळी आहेत. प्रत्येक ओळीत घर, मग स्वल्पविराम, मग रक्कम.

कोपऱ्यावरचं घर: इंग्रजी अंकांत पाचशे एक.
विहिरीजवळचं घर: मराठी अंकांत ५०१.
शाळेसमोरचं घर: रक्कम लिहिलेलीच नाही.
गल्लीतलं शेवटचं घर: इंग्रजी अंकांत शून्य, कारण त्यांनी यंदा जमणार नाही असं स्पष्ट सांगितलंय.

पहिली पायरी, मजकुराच्या ओळी वेगळ्या करा. त्यासाठी ‘लाइन्स’ नावाचं तयार फंक्शन आहे. दुसरी पायरी, प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडा. तिसरी पायरी, रकमेच्या अक्षरांचा आकडा करा. खरी परीक्षा इथेच आहे.

आकडा करायला ‘रीड’ नावाचं फंक्शन आहे. पण त्याला न समजणारं काही मिळालं की अख्खा प्रोग्राम तिथेच बंद पडतो. म्हणून शहाणी माणसं ‘रीडमेबी’ वापरतात. मेबी म्हणजे ‘कदाचित’. हे फंक्शन दोनपैकी एक उत्तर देतं: ‘जस्ट’, म्हणजे आकडा मिळाला, हा घ्या, किंवा ‘नथिंग’, म्हणजे आकडा मिळाला नाही.

आता आपली चार घरं बघा. कोपऱ्यावरच्या घराचं उत्तर ‘जस्ट ५०१’. शेवटच्या घराचं ‘जस्ट ०’. शाळेसमोरच्या घराचं ‘नथिंग’. आणि विहिरीजवळच्या घराचं? तेही ‘नथिंग’! कारण रीडमेबीला फक्त इंग्रजी अंक कळतात. आपल्याकडे रकमेपुढे ‘/-’ लिहायची सवय असते, त्यालाही ते ‘नथिंग’च म्हणतं.

वैताग वाटतो ना? पण थांबा, यातच खरी किंमत आहे. ढिसाळ लिहिलेला प्रोग्राम काय करतो? रक्कम वाचता आली नाही की गुपचूप शून्य धरतो. मग तीन घरं एकाच रांगेत: विहिरीजवळचं, शाळेसमोरचं आणि शेवटचं. संध्याकाळी ‘वर्गणी बाकी’ अशी यादी ग्रुपवर पडते. विहिरीजवळच्या घरातल्या आजींनी पेन्शनमधून ५०१ रुपये दिलेत, तरी त्यांचं घर त्या यादीत. रक्कम छोटी आहे, पण चारचौघांत गेलेली पत छोटी नसते.

हॅस्केलमध्ये ‘जस्ट ०’ आणि ‘नथिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणते, ‘दिले नाहीत’. दुसरी म्हणते, ‘मला माहीत नाही’. आणि ‘नथिंग’ आल्यावर काय करायचं हे तुम्ही लिहून दिल्याशिवाय त्याची बेरीजच होत नाही. शून्य धरायचंच असेल तर तेही तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. याहून चांगला उपाय म्हणजे ‘ईदर’. ते नुसतं ‘नथिंग’ म्हणण्याऐवजी कारणही पुढे नेतं: ‘ओळ ३, रक्कम रिकामी आहे’. मग मंडळाचा माणूस शाळेसमोरच्या घरी जाऊन विचारू शकतो.

मराठी अंकांचं काय करायचं?

सोपं आहे. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, मराठी शून्याचा २४०६. म्हणजे मराठी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. एवढं एक छोटं फंक्शन रीडमेबीच्या आधी बसवलं की विहिरीजवळचं घर ‘जस्ट ५०१’ होऊन बसतं. तांदूळ निवडल्याशिवाय आपण भात टाकत नाही, तसंच आहे हे.

देवनागरीचं आणखी एक नाटक सांगते. हॅस्केलला ‘शो’ फंक्शन वापरून ‘रांझी’ दाखवायला सांगितलं तर ती २३५२, २३६६, २३०६, २३३३, २३६८ असे पाच क्रमांक दाखवते. फाइल बिघडलेली नसते. र, काना, अनुस्वार, झ आणि दीर्घ वेलांटी असे ते पाच तुकडे आहेत. अक्षरं नीट हवी असतील तर ‘पुटस्ट्रलाइन’ वापरायचं. विंडोजवर फाइल उघडताना ती ‘यूटीएफ-८’ आहे हेही सांगून ठेवायचं, नाहीतर मराठी मजकुरावर प्रोग्राम अडतो.

आळशी वाचन

हॅस्केलचा एक स्वभाव ऐकून तुम्हाला घरातलं कुणीतरी आठवेल. ती आळशी आहे! ‘रीडफाइल’ सांगितलं तरी ती फाइल लगेच पूर्ण वाचत नाही. लागेल तशी वाचते, डब्यातून वाटीवाटीने तांदूळ काढावेत तशी. मोठ्या फाइलसाठी हे उत्तम. पण अर्धवट वाचलेल्या फाइलवरच दुरुस्त यादी लिहायला गेलात तर ‘फाइल कुलूपबंद आहे’ असा निरोप येतो. उपाय दोन: दुरुस्त यादी नव्या नावाने लिहा, किंवा ‘टेक्स्ट’ लायब्ररीतलं रीडफाइल वापरा, ते एका दमात सगळं वाचून फाइल सोडून देतं.

हे फक्त वर्गणीपुरतं नाही

कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, इंग्लंडमध्ये १५,८४१ कोविड रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांच्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारात घेतल्या जात होत्या. त्यात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला उशीर झाला. घोटाळा गणिताचा नव्हता, वाचण्याचा होता.

भाषा कुठलीही असो, असं गुपचूप गळणं थांबवायला लागते ती वाचण्याची शिस्त. तुम्हाला प्रोग्राम लिहायचा नसला तरी तीन सवयी आजपासून लावून घ्या:

१. माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवा, शून्य लिहू नका. शून्य हे उत्तर आहे.
२. एका यादीत एकाच प्रकारचे अंक वापरा आणि रकमेच्या रकान्यात फक्त रक्कम लिहा.
३. यादी एका फाइलमधून दुसरीत नेली की दोन्हींकडच्या ओळी मोजा. आकडा जुळला तरच पुढे जा.

आणि शिकायची इच्छा झालीच, तर एनपीटीईएलवर माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हॅस्केलचा अभ्यासक्रम फुकट बघता येतो. इंग्रजीत आहे, पण शांतपणे समजावलेला आहे. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना सोबत घेऊन बसा, आणि पहिला प्रयोग आपल्याच मंडळाच्या यादीवर करा. अर्थात, यादीची एक प्रत काढून ठेवल्यावरच!