बदलीच्या माणसाचा संसार

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक मत अलीकडे फार रूढ होत चालले आहे. ते असे की, माणसाचे घर त्याच्या हुद्द्याला शोभेल असे सजलेले असावे. पाहुण्याने उंबरा ओलांडताच यजमान कोणत्या पातळीवर वेतन घेतो हे त्याला दिवाणखान्यावरून उमगावे. मुलांना मित्र घरी आणताना संकोच वाटू नये. आणि हे सर्व साधण्यासाठी दुकानातील नवा, एकाच छापाचा, चकचकीत सरंजाम हप्त्यांनी का होईना, पण घ्यावाच. या मताला कोणी उघड विरोध करीत नाही, कारण विरोध करणारा एक तर कंजूष ठरतो, नाही तर परिस्थितीने गांजलेला. हे दोन्ही आरोप पत्करून मी हा विरोध येथे नोंदवीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्याची नोकरी बदलीची आहे त्याने आपले घर शक्य तितके जुन्या, पाडकामातून निघालेल्या आणि मोडीत निघालेल्या सामानातून उभे करावे. हा दारिद्र्यावरचा तात्पुरता उपाय नव्हे. पगार वाढल्यावरही सोडू नये असा हा शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रथम हिशेबाची बाजू पाहू, कारण आपण हिशेबाची माणसे आहोत. सातव्या वेतन आयोगानंतरच्या प्रवासभत्त्याच्या नियमांप्रमाणे बदलीच्या वेळी पातळी 4 पर्यंतच्या कर्मचाऱ्यास 1,500 किलो, पातळी 5 च्या कर्मचाऱ्यास 3,000 किलो आणि पातळी 6 पासून वरच्यांस 6,000 किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते. हे आकडे दुकानाच्या पायरीवर उभे असताना कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, ते बदलीचा हुकूम हातात पडल्यावर आठवतात. शिवाय प्रश्न केवळ वजनाचा नाही. आजकाल 'लाकडी' म्हणून विकले जाणारे बरेचसे कपाट-पलंग हे लाकडाचे नसतातच. लाकडाचा भुसा व चिपा राळेत दाबून केलेली ती फळी असते, आणि तिच्यावर सागाच्या रेषांचे चित्र चिकटवलेले असते. तिच्यात एकदा पिळलेला स्क्रू पुन्हा काढून पिळला की त्याची पकड सैल होते, म्हणजे पहिल्या बदलीत कपाट डुगडुगू लागते आणि दुसऱ्या बदलीत मोडीत जाते. तिच्या कडेला पाणी लागले की ती फुगते, व फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. रायपूरचा मे महिना आणि त्यामागोमाग येणारे श्रावण-भाद्रपद ज्याने अनुभवले आहेत त्याला अधिक सांगावयास नको. या फळ्यांच्या राळेत बहुधा वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइड हे 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून वर्गीकृत केलेले द्रव्य आहे. सर्वच फळ्या सारख्या घातक असतात असे मी म्हणत नाही. बंद खोलीतला नव्या कपाटाचा उग्र वास हा प्रतिष्ठेचा सुगंध नव्हे, एवढेच म्हणतो.

आता पैशांकडे वळू. 1964 च्या वर्तणूक नियमांतील अठरावा नियम आपणा सर्वांस पाठ आहे. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली तर ती एक महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावी लागते. सातव्या आयोगाच्या कोष्टकात पातळी 4 चे सुरुवातीचे मूळ वेतन 25,500 रुपये आहे. म्हणजे 51,000 रुपयांच्या पुढचा सोफा घेणारा कारकून तो सोफा प्रथम सरकारला सांगतो, मग शेजाऱ्यांना दाखवितो आणि त्यानंतर दोन वर्षे त्याचे हप्ते फेडतो. ज्या सरकारने हा नियम केला त्याला आपल्या चाकराची ऐपत आपल्यापेक्षा अधिक चांगली कळते, असे म्हणणे भाग आहे.

परंतु खरा अडथळा हिशेबाचा नाही, लाजेचा आहे. दुसऱ्याने वापरलेली वस्तू घरात आणणे आपल्याला कमीपणाचे वाटते. 'कोणाची खाट, कोण त्यावर गेले असेल,' असे कोणी तरी हळूच बोलते, आणि विषय तेथेच संपतो. ही लाज आपल्या परंपरेतून आली आहे असे जे म्हणतात त्यांनी आपली परंपरा नीट पाहिलेली नाही. ज्या गोधडीत आपण सर्व वाढलो ती कशाची होती? आजीच्या विरलेल्या लुगड्यांची, आजोबांच्या धोतरांची, बहिणीच्या परकरांची. नव्या कापडाची गोधडी कोणी शिवत नसे, कारण जुन्या कापडाचा मऊपणा नव्यात नसतो. बाळंतिणीच्या कुशीतल्या मुलाला आपण जाणूनबुजून जुन्यात गुंडाळत आलो, आणि आता त्याच मुलाने मोठा होऊन जुन्या चौकटीच्या टेबलावर अभ्यास केला तर आपली अब्रू जाते! येथे छत्तीसगडातही अशाच जुन्या कपड्यांची कथरी शिवतात. मराठी घरातील वाकळ आणि छत्तीसगडी घरातील कथरी यांत नात्याचा जो धागा आहे तो आपल्या पुष्कळशा सांस्कृतिक समारंभांहून अधिक बळकट आहे.

लाजेवर उतारा हवा असेल तर रायपूरला आलेल्या माणसाने फार लांब जाऊ नये. महानदीच्या काठी सिरपूर येथे गंधेश्वराचे देऊळ आहे. ते पडक्या देवळांचे खांब व दगड पुन्हा वापरून उभारलेले आहे. देवाला जुना खांब चालतो, मग आपल्याला जुनी तुळई का चालू नये? आणि ज्या राज्याच्या राजधानीत आपण राहतो त्या राज्याने तरी संसार कसा मांडला? 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड निर्माण झाले तेव्हा त्याला स्वतःचे विधानभवन नव्हते. 14 डिसेंबर 2000 रोजी पहिले अधिवेशन राजकुमार कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये भरले. मंत्रालय दाऊ कल्याणसिंग रुग्णालयाच्या इमारतीत थाटले गेले, आणि 2012 साली ते नव्या रायपुरात गेल्यानंतर 2018 साली त्याच इमारतीत पुन्हा रुग्णालय सुरू झाले. एवढे राज्य बारा वर्षे एका जुन्या रुग्णालयातून चालले, आणि त्यामुळे त्याच्या हुकुमांचे वजन एका गुंजेनेही कमी झाले नाही. आपण तर तीन खोल्यांचे धनी.

विदर्भातून आलेल्या मंडळींना सेवाग्राम सांगावयास नको. गांधीजी 1936 साली त्या गावात राहावयास आले तेव्हा झोपडी जवळपास मिळणाऱ्या सामानातून आणि थोडक्या पैशांत व्हावी असा त्यांचा आग्रह होता. बापूकुटीत बसावयास चटई आणि लिहावयास बुटके मेज, एवढ्या सरंजामावर देशाचे राजकारण चालत असे. व्हाइसरॉयला त्या झोपडीशी बोलता यावे म्हणून तेथे टेलिफोन बसवावा लागला. टेलिफोनला शोभेल असे मेज मात्र कोणी मागविल्याचे ऐकिवात नाही. आणि हे केवळ आपल्याकडचे वेड आहे असे कोणास वाटत असेल तर हॉलंडमधील रीटफेल्ट या वास्तुकाराने 1934 साली खोक्यांच्या साध्या फळ्यांचे फर्निचर तयार केले होते, आणि इटलीतील एन्झो मारी याने 1974 साली साध्या फळ्या व खिळे यांतून कोणालाही घरी करता येतील अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे लोकांना टपालखर्चात देऊ केले होते, हे त्याने लक्षात घ्यावे.

माल मिळतो कोठे, असा प्रश्न येईल. शंकर नगरात राहणाऱ्याने तो विचारू नये. राजधानी झाल्यापासून या भागातील जुनी बैठी घरे एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत आणि त्या जागी मजल्यांवर मजले चढत आहेत. पाडलेल्या घरातून सालाच्या तुळया, सागाच्या चौकटी, जाड फळ्यांची दारे, लोखंडी गज, फरशा निघतात. चांगला साग वाढावयास चाळीस-पन्नास वर्षे आणि साल त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यावर आणखी पन्नास वर्षे छपराखाली काढलेले हे लाकूड पुरते वाळलेले असते. जे वाकावयाचे ते वाकून झालेले, जे चिरावयाचे ते चिरून झालेले. असे लाकूड आज वखारीत नवे मागितले तर त्याची किंमत ऐकूनच आपण परत फिरू. पुण्याच्या पेठांतील वाडे पडतात तेव्हाही हीच कथा. त्या तुळया दलालांच्या हाती जातात, आणि मग मुंबईच्या एखाद्या प्रशस्त दुकानात 'प्राचीन' या नावाने दसपट भावाने आपल्यालाच परत विकल्या जातात.

येथेच मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही भांडण मांडावयाचे आहे. जुन्या लाकडाची हौस आता धनिकांत शिरली आहे. नव्या फळीला मुद्दाम ओरखडे काढून, रंग मुद्दाम खरवडून ती 'साधी' म्हणून विकली जाते आणि साधेपणाचे हे सोंग नव्या सोफ्यापेक्षाही महाग पडते. ज्या साधेपणाकडे पाहुण्याचे लक्ष वेधावे लागते तो साधेपणा नव्हे. जुन्या दाराचे टेबल केले तर त्यावर जेवावे, त्याचा इतिहास पाहुण्याला जेवणापूर्वी ऐकवू नये. वस्तू उपयोगी पडली, सुबक दिसली आणि मनावर ओझे झाले नाही की तिचे काम झाले.

आता काही आक्षेप खरे आहेत, ते मान्य केले पाहिजेत. जुन्या लाकडात वाळवी व ढेकूण असू शकतात, म्हणून ते उन्हात ठेवावे, ठोकून पाहावे, पोकळ वाजले तर सोडून द्यावे. जुन्या दारांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर 90 भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासूनच लागू झाली. तेव्हा असा रंग घरात, मुलांच्या देखत, कोरडा घासू नये. रेल्वेचे जुने स्लीपर मोहात पाडतात, परंतु ज्यांना डांबरी वास येतो ते क्रिओसोट मुरवलेले असतात. त्यांची जागा घरात नाही. मालाच्या खोक्यांच्या फळ्यांवर शिक्का पाहावा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने शुद्ध केलेले, ते घ्यावे. 'एमबी' म्हणजे विषारी धुरी दिलेले, ते सोडावे. आणि वृद्ध आईवडिलांना गुडघ्यांचा त्रास असताना केवळ तत्त्वासाठी त्यांना चटईवर बसवू नये. साधेपणाचा भार घरातील बायकांच्या व म्हाताऱ्यांच्या अंगावर टाकून पुरुषाने चारचौघांत त्याचे श्रेय घेणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

आणखी एक कुजबुज असते: सरकारी नोकराच्या घरात जुने टेबल दिसले की ते कचेरीतून आले असणार! यावर उत्तर नियमातच आहे. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे निरुपयोगी ठरविलेल्या सामानाची नोंद ठरावीक नमुन्यात होते आणि त्याची विल्हेवाट विहित पद्धतीनेच लावली जाते. आपल्याच खात्याच्या लिलावात आपण बोली लावू नये, हेही सरकारने सांगून ठेवले आहे. म्हणून कचेरीच्या मोडीकडे पाहूच नये. शहराची मोड पुष्कळ आहे, आणि ती घेताना पावती घ्यावी.

कोणी म्हणेल, सर्वांनी जुनेच घेतले तर कारागिरांनी काय खावे? उलट आहे. भुश्याच्या फळीचे कपाट यंत्र करते, सुतार ते केवळ जोडून देतो. जुनी तुळई चिरणे, खिळे उपटणे, रंधा मारणे, सांधा बसविणे यांत सुताराची खरी कारागिरी लागते, आणि आपले पैसे दुकानाच्या दिव्यांवर न जाता त्याच्या हातावर पडतात. त्याला एवढेच सांगावे की, खिळ्याऐवजी बोल्ट व खुंटी वापर, म्हणजे बदलीच्या वेळी सर्व खोलता येईल. बदलीच्या माणसाच्या घरात न सुटणारी वस्तू असू नये.

शेवटी एक सूचना. परप्रांतातील आपली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव करतात, हळदीकुंकू करतात, नाटके बसवितात; ते सर्व चांगलेच आहे. त्यांनी एक खोली मोकळी करून तेथे वस्तुभांडार मांडावे. ज्याची बदली झाली त्याने न नेता येणारे पाट, मांडणी, पलंग, पुस्तकांचे कपाट तेथे ठेवून जावे. जो नवा आला त्याने तेथून घ्यावे आणि जाताना परत ठेवावे. वहीत वस्तू कोणी दिली व सध्या कोणाकडे आहे, एवढी नोंद पुरे. ती वही आपल्यापैकी कोणीही कारकून डोळे मिटून ठेवील. असे झाले तर पहिल्या पगाराच्या आधी परक्या गावी उतरलेल्या तरुण जोडप्याला हप्त्यांच्या दुकानात न जाता आपल्या माणसांच्या घरातून आलेले टेबल मिळेल. परमुलखात आपण एकमेकांचे कोण लागतो, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर भाषणांपेक्षा अशा एका वहीत अधिक स्पष्ट लिहिले जाईल.