नॅनोची बाटली आणि आपली काळी माती



पेरणी उरकली, पहिली डवरणी झाली, की वऱ्हाडात युरियाची धावपळ सुरू होते. कृषी केंद्रात गेलात की पिशवीसोबत अर्ध्या लिटरची एक बाटलीही पुढे येते. 'नॅनो युरिया आहे भाऊ, एक बाटली म्हणजे एक पिशवी!' घरी आल्यावर घरधनीण विचारते, 'हे सव्वादोनशे रुपये कशाचे?' प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर पाहू.

नॅनो म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्यावरचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. नॅनो युरियाचा कण २० ते ५० नॅनोमीटरचा असतो, असे कंपनी सांगते. इतका बारीक कण पानाच्या छिद्रातून सहज आत जाईल, नासाडी कमी होईल, ही त्यामागची कल्पना. इफ्को या सहकारी संस्थेने ही बाटली ३१ मे २०२१ रोजी जाहीर केली. २०२३ साली नॅनो डीएपीही आले.

शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या वावरात पूर्वापार आहे. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीतली चिकणमाती अभ्रकासारख्या पापुद्र्यांची असते. एकेका पापुद्र्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर! पावसाळ्यात या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याच पापुद्र्यांना अमोनियाच्या रूपातले नत्र, पालाश आणि चुना चिकटून राहतात आणि मुळ्या ते लागेल तसे उचलतात. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, या पापुद्र्यांवर सोडियम बसतो. मग ते सुटे होऊन मातीची छिद्रे बुजवतात, पाणी जिरत नाही. तिथे जिप्सम टाकायला सांगतात ते एवढ्यासाठीच, की त्यातला चुना सोडियमला हुसकावून पापुद्रे पुन्हा जुळवतो. मात्रा मात्र माती परीक्षणानुसारच ठरवावी.

आता बाटलीचा हिशेब मांडू. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत शेकडा ४६ नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. सुरुवातीच्या नॅनो युरियात शेकडा ४ नत्र, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम. २०२४ साली आलेल्या २० टक्क्यांच्या बाटलीतही सुमारे १०० ग्रॅमच. पिशवीतले सगळे नत्र पिकाला मिळत नाही, बरेच हवेत उडते, पाण्यासोबत वाहून जाते, हे खरे. पण समजा निम्म्याहून अधिक वाया गेले, तरी किलो आणि ग्रॅम यांची बरोबरी कशी व्हावी?

दुसरा हिशेब कापसाचा. एक क्विंटल कापूस विकला की सुमारे ६५ किलो सरकी वावराबाहेर जाते आणि तिच्यासोबत दोन किलोच्या आसपास नत्र जाते. अकोल्याच्या बाजारातून ढेप आणून जनावरांना घातली आणि शेणखत वावरात पडले, तर त्यातले काही परत येते. नाहीतर ते मातीच्या शिलकीतून गेले असे समजा. दहा क्विंटल कापसामागे वीस किलो नत्र जमिनीतून उचलायचे आणि बाटलीतून वीस ग्रॅम भरायचे, तर पीक एखादे वर्ष हिरवे दिसेल, पण माती आतून रिकामी होत जाईल.

कंपनीचे म्हणणे असे, की ९४ पिकांवर, ११ हजार शेतकऱ्यांच्या शेतांवर चाचण्या झाल्या आणि उत्पन्न सरासरी ८ टक्क्यांनी वाढले. उलट लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केले. जमिनीतून द्यायचा युरिया कमी करून नॅनोच्या फवारण्या दिल्या, तेव्हा भाताचे उत्पन्न सुमारे १३ टक्के आणि गव्हाचे २१ टक्क्यांहून अधिक घटले, असे त्यांना आढळले. ही पिके आपल्या कपाशीहून वेगळी हे मान्य. पण जमिनीतली मात्रा तोडण्याची घाई करू नये, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

सरकारला पिशवीवर मोठे अनुदान द्यावे लागते, म्हणून बाटलीचा प्रचार होतो. देशाचा पैसा वाचावा हे चांगलेच. पण देशाची बचत आणि तुमच्या वावराची भूक यांचे खाते वेगवेगळे ठेवा.

तर मग करावे काय? कपाशीला पायाभूत आणि वरखताची मात्रा माती परीक्षणाप्रमाणे जमिनीतूनच द्या. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्वतः धरतात. तिथे रायझोबियमची बीजप्रक्रिया करा, नत्राच्या बाटलीवर खर्च नको. फुलोऱ्यात कपाशी पिवळी पडली, तर २ टक्के युरियाची जुनी फवारणी आहेच. पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया विरघळवून फडक्याने गाळून घ्या. एकरी दहा पंपांना तीन किलो युरिया लागतो, किंमत वीस रुपयांच्या आत, आणि नत्र जवळजवळ १४०० ग्रॅम.

तरीही बाटली वापरून पाहायची असेल, तर सगळ्या वावरावर नको. एकाच वाणाच्या, एकाच दिवशी लावलेल्या कपाशीत तीस तासे निवडा. जमिनीतले खत सगळ्यांना सारखे द्या. दहा तासांवर नॅनो, दहांवर २ टक्के युरिया, दहांवर नुसते पाणी फवारा. मध्ये दोन-दोन तासे मोकळी सोडा. नॅनोची मात्रा लिटरला २ ते ४ मिली. फवारणी सकाळी किंवा उतरत्या उन्हात, वारा नसताना करावी. कीटकनाशक त्यात मिसळू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे विसरू नका.

कापूस वेचताना घरच्या बायांना सांगून तिन्ही वाट्यांची वेचणी वेगळी बांधा. प्रत्येक वेळी वजन करून पोरांच्या वहीत लिहून ठेवा. शेवटच्या वेचणीनंतर बेरीज मांडा. वाढलेल्या कापसाच्या पैशातून बाटली आणि मजुरी निघाली, तर पुढच्या वर्षी खुशाल घ्या.

आणि हो, युरियासोबत बाटली घेतलीच पाहिजे अशी सक्ती कोणी दुकानदार करू शकत नाही. पक्की पावती मागा. ऐकले नाही तर पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. वाचलेल्या पैशातून शेणखताची एखादी गाडी जास्त पडली, पऱ्हाटी न जाळता बारीक करून वावरात गाडली, तर काळ्या मातीचे ते एक नॅनोमीटरचे पापुद्रे तुमचे खत आणि पाणी अधिक काळ धरून ठेवतील.

कळावे.