डोक्यावरचे ओझे कोणत्या रकान्यात?

पर्यटनाच्या धंद्यात 'शाश्वत' या शब्दाला हल्ली फार भाव आला आहे. डोंगरावरच्या हॉटेलात शिरले की भिंतीवर चौकटीतले प्रमाणपत्र दिसते आणि न्हाणीघरात पाटी दिसते : 'टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी वाचवा.' टॉवेल कोण धुते, तिच्या स्वतःच्या घरी नळ आहे का, हे त्या पाटीवर नसते. पर्यावरण वाचवायला माझा विरोध नाही. माझे भांडण मोजपट्टीशी आहे. ती कोणाच्या हातात आहे आणि ती कोणाच्या अंगाला कधी लागतच नाही, हे आपण बायकांनी विचारले पाहिजे.

मोजमापाचा हा खटाटोप लहान नाही. शाश्वत पर्यटनाचे जागतिक निकष २००८ साली आले, पर्यटनस्थळांसाठीचे वेगळे निकष २०१३ साली. भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने २०१४ साली आपले निकष जाहीर केले. ते होते सहली काढणाऱ्या कंपन्यांसाठी, निवासव्यवस्थेसाठी आणि समुद्रकिनारे, खाड्या, तलाव, नद्या यांच्यासाठी. डोंगराला त्यात स्वतंत्र जागा नव्हती. पुढे २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने पर्यटनाची शाश्वतता मोजण्याची चौकट मंजूर केली. आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय असे तिचे तीन भाग आहेत. कागदावर सगळे झकास आहे. आता हा कागद घेऊन आपल्या माथेरानला जाऊ.

माथेरानला ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. मोटारींना तिथे पूर्वीपासूनच मज्जाव. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. धूर नाही, भोंगे नाहीत, तांबड्या मातीचा रस्ता आणि झाडांची सावली. कोणत्याही निकषावर पैकीच्या पैकी गुण मिळावेत असे हे गाव. पण नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पाहुण्यांच्या बॅगा कशा जातात? मिनी ट्रेनची शटल आहे, घोडे आहेत, हातरिक्षा आहेत. आणि पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून डोंगर चढून आलेल्या बाया आहेत. मी त्यांना पाहिले आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एक बॅग, तिच्यावर दुसरी, खांद्याला तिसरी. पुढे मोकळ्या हाताने चालणारे कुटुंब हवा किती स्वच्छ आहे त्याचे कौतुक करत असते.

ती हवा स्वच्छ राहण्यात या बाईच्या मानेचा वाटा आहे. मोटार थांबली तेव्हा तिने वाहायचे ओझे नाहीसे झाले नाही, ते माणसाच्या डोक्यावर आले. वाचलेले पेट्रोल मोजले जाते. झिजलेला मणका कोणत्या रकान्यात लिहायचा? मोटारबंदी उठवा असे मी म्हणत नाही. ती राहिलीच पाहिजे. पण तिची किंमत कोण भरते ते उघडपणे लिहा, एवढेच म्हणते.

यावर जाणकार सांगतात, 'अहो, निकषांत स्त्रियांना समान संधी, योग्य वेतन, स्थानिकांना रोजगार हे सगळे आहे.' आहे, मी वाचले आहे. पण प्रमाणपत्रासाठी अर्ज हॉटेल करते, शुल्क हॉटेल भरते आणि तपासनीस हॉटेलचे हजेरीपुस्तक पाहतो. बॅग उचलणारी बाई त्या पुस्तकात नाही. ती कोणाचीच नोकर नाही. गिऱ्हाईक मिळाले तर दाम, नाही मिळाले तर रिकाम्या हाताने डोंगर उतरायचा. ज्याच्या वहीत तिचे नाव नाही, त्याला तिच्याबद्दल खोटे बोलण्याचीही गरज पडत नाही!

'असल्या गोष्टी मोजता येत नाहीत' ही दुसरी सबब. का येत नाहीत? घरकामासारखी पिढ्यान्‌पिढ्या अदृश्य राहिलेली गोष्टसुद्धा मोजली गेली. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटे आणि पुरुषाची ८८ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात असे निघाले. टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर हमालाने २० किलोपेक्षा जास्त वाहू नये असा दंडक आहे आणि उद्यानाच्या दारात काट्यावर ओझे तोलले जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली आणि स्त्रीचे ओझे त्याहून बरेच कमी असावे असे म्हटले. आणि आपल्या महाराष्ट्रात तर १९६९ पासून माथाडी कायदा आहे. बाजारातल्या हमालांनी संघटना बांधून तो पदरात पाडून घेतला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगाराला नोंदणी, मंडळ आणि हक्क मिळू शकतात हे या राज्याला कोणी नव्याने शिकवायला नको. डोंगरावरच्या डोक्यांपर्यंत तो विचार पोचलेला नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा अमानुष ठरवून त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे बंद झालेच पाहिजे. खऱ्या रिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात आणि उरलेल्या आदिवासी स्त्रियांना व इतरांना उपजीविकेसाठी देता येतील, असेही त्यात आहे. हे वाक्य आपण नीट धरून ठेवले पाहिजे. कारण ई-रिक्षेतून बॅगा जाऊ लागल्या की डोक्यावरचे ओझे उतरेल आणि त्याबरोबर चुलीवरचे भांडेही उतरेल. 'उरलेल्या' या शब्दाचा अनुभव आपल्याला घरात आहेच. सगळ्यांची जेवणे झाल्यावर जे उरते ते बाईचे!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत :

१. दस्तुरी नाक्यावर वजनकाटा ठेवा. ओझ्याची कमाल मर्यादा आणि दरपत्रक मराठीत ठळक लावा.

२. ओझे वाहणाऱ्या प्रत्येक बाईची तिच्या स्वतःच्या नावाने नोंदणी करा, ओळखपत्र आणि विमा द्या.

३. ई-रिक्षा देताना बाईचा वाटा आधी ठरवा. रिक्षा तिच्या नावावर, चालवण्याचे शिक्षणही तिला.

४. नाक्यावर त्यांच्यासाठी पाणी, सावली आणि स्वच्छतागृह असल्याखेरीज गावातल्या एकाही हॉटेलला शाश्वततेचे प्रमाणपत्र देऊ नका.

५. तपासणीच्या समितीत हमाल बायांच्या दोन प्रतिनिधी घ्या. त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या, म्हणजे त्यांना येता येईल.

माथेरान हे एक उदाहरण झाले. महाबळेश्वर, लोणावळा, भंडारदरा, जिथे जिथे आपल्या गटाचे काम आहे तिथे पर्यटनाचे ओझे कोणत्या ना कोणत्या बाईच्या डोक्यावर, कमरेवर, हातावर आहेच. मैत्रिणींनो, प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांची वाट पाहू नका. वही घ्या, साधा काटा घ्या आणि आपल्या गावच्या डोंगरावर मोजायला सुरुवात करा. किती किलो, किती फेऱ्या, किती रुपये, किती वर्षांपासून दुखते. हे आकडे आपण गोळा केले की त्यांच्या चौकटीत ते बसतात की नाही, हा प्रश्न त्यांना सोडवू द्या.