आभाळ, ताडपत्री आणि गल्ला

भुसार मालाचा व्यापार ज्यांच्या घरात आहे, त्यांना ताडपत्रीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. आभाळ भरून आले की मुनीम लेखणी ठेवून धावतो, हमाल धावतात आणि वेळ पडल्यास शेठजीही पोत्यांच्या थप्पीवरचे टोक ओढू लागतात. अमेरिकेतील लहान शहरांत हेच दृश्य बेसबॉलच्या मैदानावर पाहावयास मिळते.

तेथे मुख्य संघांच्या खाली ‘मायनर लीग’ नावाची पायऱ्यापायऱ्यांची रचना आहे. होतकरू खेळाडू तेथेच घडतात. 2021 च्या फेररचनेनंतर मुख्य संघांशी संलग्न असे 120 संघ राहिले. या धंद्याची वही मोठी बोधप्रद आहे. खेळाडूंचा पगार वरचा मुख्य संघ देतो; तिकिटे, खाद्यपेये, नोकरवर्ग ही सारी उलाढाल स्थानिक मालकाची. एप्रिल ते सप्टेंबर या हंगामात त्याच्या मैदानावर साधारण 65 ते 75 सामने होतात. गल्ला उघडण्याचे दिवस तेवढेच! शुक्रवारची आतषबाजीची रात्र पावसात बुडाली, तर मागवलेले पाव शिळे होतात आणि रोजंदारीची माणसे रिकाम्या हाताने परततात. बुडालेला सामना पुढे खेळवतात खरा. पण बहुधा सात-सात डावांचे दोन सामने एकाच दिवशी आणि एकाच तिकिटावर. दोन दिवसांचा माल एका दिवसाच्या भावात देण्यासारखेच हे. पावसाने सामना रद्द झाल्यास प्रेक्षकाला पुन्हा प्रवेश देणाऱ्या तिकिटाच्या तुकड्याला तेथे ‘रेनचेक’ म्हणत. पुढे सवलतीचा माल संपला असता, तो नंतर त्याच भावाने देण्याच्या चिठ्ठीसाठी दुकानदारांनी हाच शब्द उचलला.

आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर ज्यांना माळी म्हणतात, त्यांचे काम करणारी एक छोटी तुकडी प्रत्येक संघाकडे असते. मैदानाचा आतला चौकोन झाकणारी ताडपत्री बहुधा 170 फूट लांब आणि तितकीच रुंद असते. कोरडी असतानाच तिचे वजन 500 किलोच्या घरात जाते. तिच्यावर केवळ एक सेंटीमीटर पाऊस पडला, तरी सुमारे 27 हजार लिटर पाणी साचते. मोठ्या रुळावर गुंडाळलेली ही ताडपत्री उलगडून ओढण्यास 15-20 माणसे लागतात. इतके माळी लहान संघाला परवडत नाहीत. म्हणून तिकीट-खिडकीवरचा मुलगा, हिशेबनीस, उमेदवारीला आलेले विद्यार्थी आणि पुष्कळदा स्वतः व्यवस्थापकही भिजत ओढावयास येतात. माझ्या मते, त्या संस्थेची खरी घडण पाहावयाची असेल तर ती याच पाच मिनिटांत दिसते. वारा सुटला की ताडपत्री शिडासारखी फुगते. मग कडांवर वाळूच्या पिशव्या टाकीपर्यंत कोणी हात सोडावयाचा नाही. यंत्राने पसरणारी ताडपत्रीही निघाली होती. 1985 साली सेंट लुईस येथे मोठ्या स्पर्धेच्या ऐन वेळी तशाच एका यंत्राखाली व्हिन्स कोलमन या वेगवान खेळाडूचा पाय सापडला आणि पुढचे सामने त्याला मुकावे लागले.

गंमत अशी की, पावसाला भिणारी हीच माणसे उन्हाच्या दिवसांत मातीला हौसेने पाणी पाजतात. वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचा तो भाग कोरडा पडला तर दगडासारखा होतो व चेंडू वेडावाकडा उसळतो. ओलावा नेमका किती, हे जाणणे हीच खरी विद्या. डबके साचले तर नवखा माणूस झाडू घेऊन पाणी लोटतो. पाण्याबरोबर माती हिरवळीच्या कडेला जाऊन बसते, तेथे उंचवटा तयार होतो आणि मूळ जागी खळगा राहतो. पुढच्या पावसात डबके तेथेच. जाणता माळी पाणी टिपून घेतो आणि मग भाजलेल्या चिकणमातीचे बारीक खडे पसरतो.

परंतु सर्वांत कठीण काम हाताचे नसून निर्णयाचे आहे. सामना सुरू करावा की नाही, हे सुरू होण्यापूर्वी यजमान संघ ठरवितो. एकदा खेळ सुरू झाला की तो अधिकार पंचांकडे जातो. नऊ डावांच्या सामन्यात पाच डाव पूर्ण झाले की सामना अधिकृत ठरतो. तेव्हा दोन सरींच्या मधल्या फटीत पाच डाव उरकून घ्यावेत, असा मोह गल्ल्याकडे पाहणाऱ्या मालकाला होणारच. उलट, मुख्य संघाने ज्याच्यावर मोठी रक्कम गुंतविली आहे, त्या विशीतल्या पोराचा घोटा निसरड्या मातीवर मुरगळला तर नुकसान त्या संघाचे आणि त्याहून अधिक त्या पोराचे. या दोन हिशेबांच्या मध्ये मुख्य माळी उभा असतो, डोळे रडारच्या चित्रावर लावून. त्याच्या हाती अंतिम शब्द नाही. पण ‘माती धरील’ किंवा ‘माती धरणार नाही’ एवढे तो सांगू शकतो. मालकाचा पगार घेऊन भरल्या मैदानासमोर दुसरे वाक्य उच्चारणे सोपे नसते. ज्या मालकाने ते वाक्य ऐकून घेण्याची सवय लावून घेतली, त्याच्याकडे चांगला माळी टिकतो.

पाऊस मध्यरात्री थांबला तरी काम संपत नाही. सकाळी ऊन चढण्यापूर्वी ताडपत्री काढावीच लागते. अन्यथा तिच्याखाली कोंडलेल्या उष्णतेने हिरवळ पिवळी पडते. वर साचलेले पाणी दूरच्या गवतावर नेऊन सोडावयाचे आणि ओल्या ताडपत्रीची घडी रुळाकडे ओढीत न्यावयाची. त्यासाठी पहाटे जी माणसे येतात, त्यांत हिशेबनीस सहसा नसतो.