चिमणीला तरी सोडा!
भालकीला मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं. आशीर्वाद द्यायला उठलेल्या एका वक्त्याने नवरीला बजावलं, "चिमणीसारखी एकनिष्ठ राहा." नवऱ्याला उपदेश काहीच नाही!

मी बी.ए. झालेला कारकून, पक्षीतज्ज्ञ नव्हे. पण अहो, चिमणा-चिमणी जोडीने पिलं वाढवतात एवढंच खरं. डीएनए तपासल्यावर कळलं, घरट्यातल्या एखाद्या पिलाचा बाप भलताच चिमणा असतो. 2002 सालच्या एका आढाव्यात चिमणीच्या गणातल्या, तपासलेल्या जातींपैकी फक्त 14 टक्के जाती पूर्ण एकनिष्ठ निघाल्या.

आणि तो सुगरणीचा खोपा? तो विणतो नर! सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळ किहीमला हे बघितलं. एकीने खोपा पसंत करून संसार थाटला, की हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवा खोपा विणायला मोकळा. मग नवऱ्याला हा कित्ता द्यायचा काय?

पाखरं पतिव्रता नाहीत आणि व्यभिचारीही नाहीत. आपले नियम त्यांच्या चोचीत कोंबायचे आणि ऐकवायचे फक्त मुलीला, ही शुद्ध लबाडी.

पंगतीत वक्त्यांना गाठून हे सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या की पाव्हणं, जिलेबी घ्या."