मेलेल्या अवजारांची पुस्तकं

मोबाइल ॲप बनवायला शिकवणारी जी पुस्तकं आपल्याकडे नवशिक्याच्या माथी मारली जातात, त्यातली बरीचशी थेट रद्दीवाल्याला द्यावीत. ‘चोवीस तासांत शिका’ म्हणून मिरवणारी तर आधी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने परवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेला असाच एक ठोकळा दाखवला. कव्हर कोरं करकरीत. आतल्या पानावर मात्र बारीक अक्षरात आवृत्ती २०१३ आणि खाली पुनर्मुद्रणांची रांग. पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे, हे त्याला कोण सांगणार? पहिल्याच प्रकरणात हुकूम: एक्लिप्स हे कोड लिहायचं अवजार उतरवून घ्या, त्याला अँड्रॉइडचं प्लगइन जोडा. त्या प्लगइनचा आधार गूगलने २०१५च्या अखेरीस काढून घेतला! पोरगं आठवडाभर एरर बघत बसलं आणि ‘सर, मला प्रोग्रामिंग जमत नाही’ असा निकाल स्वतःच लावून मोकळं झालं. पुस्तकाचे पैसे गेले त्याचं मला काही नाही. पण या निकालाची भरपाई कुठला प्रकाशक देणार आहे?

दुकानदार म्हणतो, मूलभूत गोष्टी बदलत नाहीत. बरोबर आहे, लूप तोच, अट तीच. पण या ठोकळ्यांत त्या गोष्टी दोन प्रकरणांत उरकलेल्या असतात. उरलेली शेकडो पानं कुठलं बटण दाबा आणि कुठली ओळ उतरवा यातच जातात, आणि नेमकं तेच शिळं होतं. २०१९ साली गूगलने कॉटलिन भाषेला पहिली पसंती दिली, २०२० मध्ये पार्श्वभूमीत कामं चालवणारा असिंकटास्क बाद ठरवला, २०२१ मध्ये जेटपॅक कंपोज आलं आणि पडदा रचण्याची रीतच पालटली. आयफोनकडेही तेच: २०१४ साली स्विफ्ट ही नवी भाषा, २०१९ साली पडदे रचायला स्विफ्टयूआय.

आपली खोड जुनी आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ दादाने वाचलं, मग धाकट्याने वाचलं, कुणाचं काही अडलं नाही. कारण सी ही भाषा मुंगीच्या पावलांनी बदलते. तोच हिशेब ॲपच्या पुस्तकांना लावून सीनियरची पुस्तकं ज्युनियरच्या गळ्यात घालायची, आणि क्लासवाल्यांनी वर्षानुवर्षं तीच यादी झेरॉक्स करून वाटायची, हा शुद्ध आळस आहे.

विकत घ्यायचंच असेल तर कॉटलिन भाषेवरचं एखादं बारीकसं, ताजं पुस्तक घ्या. भाषा त्यातल्या त्यात टिकते. ॲपची रचना गूगलच्या ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’मध्ये शिका, तो अभ्यासक्रम फुकट आहे. इंग्रजीत आहे, हे खरं, पण ते ठोकळे तरी कुठे मराठीत आहेत? आणि हो, ॲप ज्यात लिहायचं त्या अँड्रॉइड स्टुडिओला निदान आठ जीबी रॅम लागते. बापाने हप्त्यावर घेतलेल्या चार जीबीच्या लॅपटॉपवर तो रडतो, हे कव्हरवर छापायची हिंमत कुणी करत नाही. आठ जीबीवरही एम्युलेटर, म्हणजे संगणकातला नकली फोन, धापा टाकतो, त्यापेक्षा केबलने स्वतःचा फोन जोडा.

दुकानात कव्हर बघू नका, आतलं पान उलटा. अँड्रॉइडचं पुस्तक २०२१च्या आधीच्या आवृत्तीचं असेल किंवा अनुक्रमणिकेत कंपोजचं नावच नसेल, तर ते तिथेच परत ठेवा आणि का ठेवलंत तेही दुकानदाराला मोठ्याने सांगा. गिऱ्हाईक बोलल्याशिवाय तो हा माल मागवायचं थांबवणार नाही.