समुद्राची साक्ष

छायाचित्र पाहिले की आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो, तो 'किती सुंदर!' हा. फुलाच्या किंवा सूर्यास्ताच्या छायाचित्राला तेवढा पुरेसाही असतो. परंतु थंड समुद्राच्या पोटात उतरून टिपलेल्या प्राण्यांच्या छायाचित्रांना हीच मोजपट्टी लावणे मला अपुरे वाटते. मी पाणबुड्या नाही, केवळ प्रेक्षक आहे. पण प्रेक्षकालाही मत असते. माझ्या मते तेथील छायाचित्रकार हा आधी साक्षीदार असतो आणि मग कलावंत.

कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागराचे उदाहरण घेऊ. आपल्या कोकणातले समुद्राचे पाणी अंगाला कोमट लागते; तेथे ते बहुधा 10 ते 15 अंश सेल्सियसच्या आसपास असते. वसंतात वारे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलातले गार, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि केल्प नावाच्या शैवालाची जंगले उभी राहतात. अनुकूल काळात हे शैवाल एका दिवसात सुमारे अर्धा मीटर वाढू शकते! मात्र जी समृद्धी जीवांना पोसते, तीच छायाचित्रकाराच्या वाटेत आडवी येते. पाणी हिरवट आणि गढूळ होते. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, म्हणून फ्लॅश वापरावा लागतो. आणि फ्लॅशचा उजेड पाण्यातल्या कणांवर पडला, की चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. यावर खरा उपाय एकच: प्राण्याच्या अगदी जवळ जाणे.

नीतीचा प्रश्न नेमका येथे सुरू होतो. बोटे गारठून बधिर झालेली, टाकीतली हवा संपत आलेली, आणि कपारीतला ऑक्टोपस काही केल्या बाहेर येत नाही. अशा वेळी त्याला काठीने डिवचण्याचा मोह होतो. डिवचले की तो शाईचा ढग सोडून पळतो आणि चित्र मोठे नाट्यमय येते. परंतु ते त्याच्या भीतीचे चित्र असते, जगण्याचे नव्हे. आणि पाहणाऱ्याला हा भेद कळण्याची काहीच सोय नसते. न्यायालयात पढवलेला साक्षीदार उघडा पडला, तर त्याची साक्ष फुकट जाते. येथे मात्र पढवलेल्या साक्षीलाही टाळ्या मिळू शकतात! सील किंवा सागरी पाणमांजर यांना त्रास देण्यास अमेरिकेत 1972 च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोपस सस्तन नाही. त्याच्यावर त्या कायद्याचे छत्र नाही. त्याचे रक्षण छायाचित्रकाराच्या विवेकानेच व्हायचे.

साक्षीचे मोल किती असते, हे त्याच किनाऱ्याने दाखवून दिले आहे. तेथे सूर्यफूल-तारामासा नावाचा प्राणी होता. सुमारे 24 बाहूंचा, वाढून मीटरभर रुंद होणारा. अर्चिन हे काटेरी, गोल प्राणी केल्प खातात आणि हा तारामासा अर्चिन खातो. 2013 पासून तारामाशांत एक भयंकर रोग पसरला; त्यांचे बाहू गळून पडत आणि शरीर विरघळून जाई. पाठोपाठ 2014 ते 2016 या काळात समुद्र असाधारण तापला. भक्षक गेल्यामुळे अर्चिन मोकाट झाले आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्पची 90 टक्क्यांहून अधिक जंगले पुढच्या काही वर्षांत उजाड झाली. 2020 साली हा तारामासा जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. आता 2013 पूर्वीचे एखादे सामान्य छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. पुढे मासा आहे, मागे कोपऱ्यात हा तारामासा अर्धामुर्धा आला आहे. रचना बेतास बात, रंग फिके. पण त्यावर स्थळ, तारीख आणि खोली नोंदलेली असेल, तर ते आज पुराव्याचा कागद ठरते.

यावर कोणी म्हणेल, सौंदर्यावाचून ही चित्रे पाहणार कोण? आक्षेप खरा आहे. 2020 सालच्या 'माय ऑक्टोपस टीचर' या माहितीपटाने दक्षिण आफ्रिकेतील थंड केल्पजंगल घरोघरी पोहोचवले, ते सौंदर्याच्या बळावरच. पण हे सौंदर्य आले कोठून? क्रेग फॉस्टर पाठीवर टाकी न घेता, केवळ श्वास रोखून, जवळजवळ वर्षभर दररोज त्याच जागी उतरत राहिले, आणि कालांतराने एक ऑक्टोपस आपणहून त्यांच्याजवळ आला. म्हणजे सौंदर्य आणि साक्ष यांचे वैर नाही. वैर आहे ते सौंदर्य आणि घाई यांचे.

म्हणून पाण्याखालच्या छायाचित्राला दाद देण्यापूर्वी आपण एक साधा प्रश्न विचारावा, असे मला वाटते: फ्लॅश विझल्यावर तो प्राणी आधी जे करीत होता, तेच पुढे करीत राहिला का? उत्तर 'होय' असेल, तर चित्र थोडे अंधुक असले तरी मी त्याला पहिला क्रमांक देईन.